एकाच डबीतल्या गोळ्या

ती घटना रोज आठवते असं मी म्हणणार नाही. असं म्हणणारे निवृत्त लोक थापा मारतात. पण कोणी कोणाला "माझ्याकडची एक गोळी घे, मला चांगली लागू पडली" असं म्हणताना कानावर आलं, की मला ती म्हातारी आठवते आणि मी मधे पडतो. लोकांना राग येतो. येऊ दे.

मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून सुटलो. लिहायला मला कोणी शिकवलं नाही, पंचनामे लिहून लिहून हात बसला. म्हणून हेही तसंच सरळ लिहिणार. नावं कोणाची देणार नाही. मालवण तालुक्यातलं खाडीकाठचं एक गाव, एवढं पुरे.

सकाळची हजेरी चालू होती तेव्हा इस्पितळातून फोन आला. एक लग्न झालेली तरुण बाई दाखल होती, पहाटे गेली. पोटात भयंकर दुखत होतं, पण पोट दाबलं तर मऊ. उलट्या होत होत्या. आधी पाय गेले, मग हात गेले, मधेच ती असंबद्ध बोलायची, आणि शेवटी श्वास घ्यायची ताकद राहिली नाही. डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. त्यात नर्सने एक गोष्ट दाखवली. लघवीची पिशवी खिडकीच्या उजेडात टांगलेली होती आणि तिच्यातल्या लघवीचा रंग कोकमाच्या आगळासारखा गडद लाल झाला होता. डॉक्टरांनी संशयास्पद म्हणून कळवलं, नमुना फ्रीजमध्ये ठेवला.

लग्नाला सात वर्षं झालेली नसली की मरणोत्तर पंचनामा तहसीलदारांनी करायचा, हा कायदा आहे. त्यांना कळवलं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि चौकशी माझ्याकडे आली.

मी इस्पितळात पोचलो तर मुलीचा भाऊ दारातच बसलेला. देवगडच्या बाजूचा, आंब्याची कलमं राखणारा माणूस. प्रेत ताब्यात घेणार नाही म्हणून अडून बसला होता. मला म्हणाला, "साहेब, पोटात दुखा होता तिच्या, माका ठावक आसा. पण पोटदुखेन माणूस मराता? तेंनी तिका कायतरी घातल्यानी." मी म्हटलं, कोणी घातलं ते सांग. तो म्हणाला, ते तुम्ही शोधायचं, त्याचाच पगार मिळतो तुम्हाला. त्या वेळी माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं.

दुपारी ठाण्यात दुसरा फोन आला. बाईचा आवाज. नाव सांगायला तयार नव्हती. तिची कोणी नातेवाईक त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर होती. म्हणाली, नर्स लांब गेली की त्या मुलीची सासू पदराच्या गाठीतली गोळी काढून सुनेच्या तोंडात घालायची, वर केळ्याचा तुकडा द्यायची, आणि इकडे तिकडे बघायची. इस्पितळाच्या कागदांत अशी कुठलीच गोळी नव्हती.

आमचे फौजदार परीक्षा देऊन आलेले, वयाने लहान. ते म्हणाले, आता काय उरलं, अटक दाखवू, नाहीतर उद्या भाऊ माणसं घेऊन ठाण्यावर येईल. मी म्हटलं, साहेब, अटक आहेच, ती पळून जात नाही. आधी मला घर बघू द्या. त्यांना आवडलं नाही. पण मी माझ्या पायरीवर राहून बोलायचो आणि बोललेलं मागे घ्यायचो नाही, हे ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं.

घर चांगलं होतं. सासरा निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावात मान असलेला. मुलगा, म्हणजे गेलेल्या मुलीचा नवरा, गोव्यात नोकरीला, सुट्टीला घरी येणारा. धाकटी मुलगी लग्नाची, खारेपाटणच्या बाजूला तिचं स्थळ ठरलेलं. आणि ही सासू. ठेंगणी, काटक, तोंडाची कमी. दोन पंच घेऊन झडती घेतली. देव्हाऱ्यात देवांच्या मागे हात घातला तर एक चपटी पत्र्याची डबी निघाली. आत पांढऱ्या बारीक गोळ्या. सासऱ्याने ती डबी जन्मात पाहिली नव्हती हे त्याच्या तोंडावरून कळलं. म्हातारीला विचारलं, ही कोणाची? ती म्हणाली, "माजी." गोळ्या कसल्या? गप्प. सुनेला दिल्यास? "दिलंय." कशासाठी? गप्प.

डबी जप्त केली, मोहोर लावली, मुद्देमालात जमा केली. नियमाप्रमाणे तेच करायचं असतं.

बायकांना चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, घरी जाऊन विचारायचं. म्हणून पुढचे काही दिवस महिला शिपाई बरोबर घेऊन मी त्यांच्या पडवीत बसत होतो. मी पुष्कळ गुन्हेगार बोलते केले आहेत. विष घालणारं माणूस जास्त बोलतं. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं, आणि न विचारलेल्याचंही असतं. ही बाई दोनच गोष्टी कबूल करायची, डबी माझी आणि गोळी मी दिली. खुनाचा गुन्हा लागेल म्हटलं तर म्हणाली, लावा. तुरुंगात मरशील म्हटलं तर म्हणाली, खंयतरी मरूकच व्हया. पण कशाची गोळी हे सांगायची नाही. मी प्रश्न विचारत असताना तिचं लक्ष आतल्या दाराकडे असायचं. तिथे तिची मुलगी उभी असायची. त्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही. एवढंच कळत होतं की ही बाई स्वतःला वाचवत नाही, दुसऱ्या कोणालातरी वाचवते आहे. मला वाटलं मुलीने काही केलं असेल. मुलीलाही विचारलं. ती बिचारी नुसती रडत राहिली.

मग तो दिवस आला. त्या दिवशी भाऊही आला होता. त्याला मी बोलावलं नव्हतं, पण हाकललंही नाही. कधी कधी समोरासमोर माणूस बोलतं. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, शेजारपाजारची माणसं जमलेली. भाऊ म्हातारीला म्हणाला, "माज्या भयणीन तुमचा काय वाईट केल्यान होता, ताच सांगा." म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, आता बोलणार असं वाटलं, आणि ती उभ्याची तशीच तोंडावर पडली. अंग ताठ झालं, डोळे वर गेले, तोंडाला फेस आला आणि हातपाय झडायला लागले.

आमची महिला शिपाई माझ्या कानाशी म्हणाली, साहेब, नाटक करतेय. मी म्हटलं, नाही. नाटक करणारं माणूस पडताना हात पुढे टाकतं. ही नाकावर पडली आहे, रक्त बघ. हे फेफरं आहे.

तिला पहिल्यांदा हात कोणी लावला, तर त्या भावाने. घरचे लोक नुसते बघत राहिले. त्याने तिला कुशीवर वळवली, खांद्यावरचा पंचा घडी करून डोक्याखाली घातला आणि धरून बसला. आपल्या आईचं सांगत मला म्हणाला, "माजी आवस अशीच पडायची. मरताना तिचेय पाय गेले होते. मुतूकय लाल झाला होता. लोक म्हणाले करणी केल्यानी." बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

म्हातारी शुद्धीवर आली. बघितलं, खळं माणसांनी भरलेलं, मुलगी दारात, शेजारणी कुजबुजताहेत. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा तिने सांगितलं.

लहानपणापासून तिला फेफरं येत होतं. लग्न ठरलं तेव्हा तिच्या बापाने ते लपवलं. रोज एक गोळी घेतली की येत नाही, म्हणून सासरी आल्यापासून तिने एक दिवसही गोळी चुकवली नव्हती. कुडाळच्या आठवडी बाजाराला सामान आणायला म्हणून जायची आणि ओळखीच्या दुकानातून गोळ्या आणायची. सगळा संसार झाला, मुलं झाली, नवऱ्याला पत्ता नाही. आम्ही डबी जप्त केली त्या दिवसापासून तिची गोळी बंद होती. ही गोळी एकदम तोडली की झटका येणार हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. दुसरी आणायला जावं तर दारात पोलीस. रोज ती माझ्यासमोर बसून तो झटका यायची वाट बघत होती. आणि तरी सांगत नव्हती. कारण फेफऱ्याचं घर म्हटल्यावर मुलीचं ठरलेलं लग्न मोडणार.

सासरा खांबाला धरून उभा होता. म्हणाला, "इतकी वर्षां माका सांगूक नाय?"

ती म्हणाली, "सांगितलंय असता, तर ठेवलां असतात माका?"

तो आत पाणी आणायला गेला. मास्तर माणूस, खोटं बोलता आलं नसावं.

सुनेचं असं झालं होतं. तिला मधून मधून पोटात दुखायचं. अपेंडिक्स म्हणून ते काढूनही झालं होतं, तरी दुखणं राहिलंच. सगळे उपाय झाल्यावर तिने जत्रेला नवस बोलला. आमच्या बाजूला काही देवळांत जत्रेला उपास धरून लोटांगण घालतात. ही तर नवसाची बाई, तिने आधीपासूनच कडक उपास धरले, वर पाणीसुद्धा बेताने. जत्रा झाली आणि दुखणं पूर्वी कधी उठलं नव्हतं तसं उठलं. एका दुपारी स्वयंपाकघरात तिला झटका आला. घरात सासू एकटी होती. सासूने तो झटका ओळखला. तिला वाटलं, हिच्याही बापाने आपल्या बापासारखंच लपवून लग्न केलं. सून शुद्धीवर आल्यावर रडून म्हणाली, कोणाला सांगू नका. सासूने सांगितलं नाही. आपण सासरी कशी भीत भीत राहिलो ते तिला आठवलं. तिने देवामागची डबी काढली आणि आपली गोळी तिला दिली. दुखणं वाढलं तेव्हा दोन दिल्या. इस्पितळात पाय गेले तेव्हासुद्धा डॉक्टरला कळू न देता देत राहिली, कारण तिच्या हिशोबाने सुनेचा जीव त्या गोळीवरच होता. जन्मभर तिचा स्वतःचा होता तसा.

व्हिसेरा तपासून अहवाल आला. विष नाही. फेफऱ्याच्या गोळीचा अंश सापडला, पण साध्या औषधाइतकाच, जीव घेण्याइतका नाही. फौजदार म्हणाले, मग मेली कशाने? मी म्हटलं, तेच विचारून येतो. सगळे कागद, फ्रीजमधला नमुना आणि भावाचा जबाब घेऊन मी गोव्याच्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी भावाचा जबाब दोनदा वाचला आणि नमुना तपासायला दिला. मी स्पष्ट सांगितलं, बाई, मी सातवी पास आहे, पण मला कळल्याशिवाय मी सही करणार नाही, तेव्हा कळेल असं सांगा. त्यांनी कागदावर चित्रं काढून सांगितलं. त्या आजाराला पॉर्फिरिया म्हणतात. रक्तातून येतो, आईबापाकडून मुलांना, आणि बायकांना जास्त छळतो. अंगात असून कित्येकांना जन्मभर त्रास होत नाही. पण कडक उपास घडला, किंवा चुकीचं औषध पोटात गेलं, तर उठतो. आणि चुकीच्या औषधांत पहिल्या नंबरला फेफऱ्याची तीच गोळी येते. आजारानेच झटके आणायचे आणि झटक्याची गोळी दिली की आजार आणखी भडकायचा.

मी विचारलं, गोळी दिली नसती तर वाचली असती? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, उपासाने आधीच उठलेलं होतं. पण इस्पितळाला गोळी कळली असती तर बंद केली असती, साखरेचं सलाईन चढवलं असतं, बरीच आशा होती. मी हेही तसंच टिपून घेतलं.

त्यांनी आणखी एक विचारलं. गेलेल्या मुलीला सख्खी बहीण आहे का? होती, लग्नाची, धाकटी. भावाला म्हटलं, तिला गोव्याला ने. त्याने तिला नेलं आणि तिच्या अंगात तेच निघालं. तिला कुठली औषधं चालणार नाहीत ते डॉक्टरांनी लिहून दिलं. पुढे भावाने तक्रार मागे घेतली.

सरकारी वकिलांचं मत घेतलं. मारायचा हेतू नाही, मात्रा साधी. अकस्मात मृत्यूची फाईल नैसर्गिक आजाराने मृत्यू म्हणून बंद झाली. डबी परत द्यायची होती. फौजदार म्हणाले, शिपायाला पाठवा. मी म्हटलं, मी जाणार. ते म्हणाले, मग आजाराने गेली एवढंच सांगा, बाकीचं कशाला, म्हातारी बाई आहे. मी ऐकलं नाही. ज्या बाईने मला जेवढं सांगितलं तेवढं खरंच सांगितलं, तिला मी अर्धं सांगून येणार नव्हतो. आजही मी म्हणतो, मी बरोबर केलं.

मी गेलो तेव्हा ती खळ्यात आमसुलं वाळत घालत होती. घर शांत होतं. मुलीचं लग्न मोडलं होतं. खारेपाटणहून नुसता निरोप आला, माणूससुद्धा आलं नाही. गोळ्या ती आता सगळ्यांसमोर घेत होती, मास्तर स्वतः कुडाळहून आणत होता. आमच्या डबीची तिला गरज राहिली नव्हती. तरी तिने ती हातात घेतली आणि विचारलं, "हेच डबीतली गोळी. माका जन्मभर सांभाळल्यान. तिका मारल्यान. माका कित्या मारूक नाय, साहेब?"

मी खारेपाटणच्या नाक्यावर बरीच ड्युटी केली आहे. मला जसं समजलं होतं तसं सांगितलं. म्हटलं, काकी, हंगामात देवगडहून आंब्याच्या गाड्या सुटतात आणि नाक्यावरून पुढे जातात. तसं आपल्या काळजाखाली लिव्हर असतं. तिथे रक्ताचा लाल माल तयार होतो आणि नाक्या-नाक्यावरून पुढे सरकतो. ही गोळी पोटात गेली की ती मोडायला लिव्हरला तो लाल माल जास्त लागतो. मग ते मागून जास्त गाड्या सोडायला सांगतं. माणूस उपाशी राहिलं तरी तसंच होतं. तुमच्या अंगातला नाका पूर्ण उघडा, कितीही गाड्या आल्या तरी निघून गेल्या. तिच्या अंगातला नाका जन्मापासून अर्धा बंद. गाड्या तुंबल्या, माल कुजला, आणि तो कुजलेला माल तिच्या नसांत भिनला. लघवीला तोच रंग होता. गोळी दोघींना सारखीच होती. यात तुमचा दोष नाही, नाका कोणाला बाहेरून दिसत नाही.

तिने सगळं नीट ऐकलं. आमसुलं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "माजो नाको उघडो, तिचो बंद. ता कळला. पण गाडये तर मियाच सोडलंय मा."

नोकरीत मला बरेच लोक निरुत्तर करायला आले आणि हात हलवत गेले. ही एकटी बाई मला भारी पडली. मी डबी मिळाल्याच्या पावतीवर तिचा अंगठा घेतला आणि निघालो.

लोक विचारतात, केसमधून काय शिकलात? आमच्या खात्यात तपास म्हणजे काय दिलं, कोणी दिलं आणि का दिलं, हे तीन प्रश्न. त्या केसमध्ये तिन्हींची उत्तरं मिळाली होती, आणि तिन्ही खरी होती. तरी मरण कळलं नाही. ते चौथ्या प्रश्नात होतं, कोणाला दिलं. तो प्रश्न आम्हाला कोणी शिकवला नव्हता. त्या म्हातारीलाही कोणी शिकवला नव्हता. तिला माणसाची माया करायची एकच रीत माहीत होती, आपल्याला ज्याने जगवलं ते दुसऱ्याच्या तोंडात घालायचं. कायद्याने तिला मोकळं केलं. ती स्वतः मोकळी झाली नाही. मी निवृत्त झालो तेव्हाही नव्हती. दर वर्षी सुनेच्या तिथीला ती दिवसभर उपाशी राहते असं मास्तरने मला सांगितलं. काय म्हणणार? तिच्या अंगाला उपास सोसतो.